सातसातसात

शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं मोबाईलवर माझ्या आयचा आवाज लावला. "ए बाये, ये गो जेवाला, भात निवला!" आणि मागोमाग ढॅणढॅण ढोल, कुणाचं तरी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं खिदळणं, आणि संपतंय न संपतंय तोच पुन्हा पहिल्यापासून, ए बाये. माझ्या तोंडून 'आले गो' निघतच होतं. अगदी ओठापर्यंत आलं होतं. ती हाक ऐकली की आधी पाय उठतात, डोकं नंतर जागं होतं; लहानपणापासूनची सवय, तिला काय करणार. मग डोकं जागं झालं. आयचा आवाज इथं कुठून येईल? आयला आता आवाजच नाही. मी वळून बघितलं. गळ्यात आयकार्ड, मांडीवर लॅपटॉपची बॅग, तोंडात बडीशेप घोळवत बसला होता, आणि पडद्यावर दोन दाढीवाले बाप्ये लुगडी गुंडाळून, डोक्यावर टोपल्या घेऊन कंबर हलवत होते. आयच्या शब्दांवर ओठ हलवत होते. तोंडं वाकडी करून, डोळे फिरवून. "सही है ना?" मी बघतेय म्हणून त्यानं मलाच विचारलं. बडीशेपेचा एक ओला दाणा त्याच्या ओठाला चिकटला होता. "कौन है ये औरत, पता है?" मी म्हटलं. "होगी कोई मच्छीवाली," तो हसला, "आजकल सब इसी पे बना रहे हैं." पुन्हा ए बाये. रिक्षा मीरा रोडला नया नगरच्या तोंडाशी अडकली होती, आणि मला खरोखर मळमळून आलं. भैया, साइड में लो, म्हटलं आणि मी काम करते तो स्टुडिओ अजून लांब असतानाच उतरले. गटाराच्या कठड्याला धरून उभी राहिले. उलटी काही झाली नाही. नुसतं तोंडाला पाणी सुटत राहिलं आणि मी ते गिळत राहिले.

आयचा आवाज मागच्या वर्षी काढून टाकला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, मशेरीनं सगळं खाल्लंय आतून. आता तिच्या गळ्याला खाली एक भोक आहे, त्यातून ती श्वास घेते, वर सुती कापडाचा तुकडा बांधते. खोकला आला की त्या भोकातून बेडका येतो. रविवारी तिच्याकडे उत्तनला गेले की तो मी माझ्या हातानं पुसते, नळी काढते, गरम पाण्यात घालते, पुन्हा बसवते. मला कधी किळस आली नाही, खोटं कशाला सांगू. किळस मला वेगळ्याच गोष्टींची येते. आमच्या स्टुडिओतल्या मायक्रोवेव्हवर चिकटवलेल्या चिठ्ठीची येते, त्यावर 'नो फिश प्लीज' लिहून पुढं हसरा चेहरा काढलाय. मी सुकटीचा डबा उघडला की खिडकी उघडायला धावणाऱ्या सुयोगची येते, आणि तोच सुयोग शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत तळलेल्या बोंबलाच्या प्लेटवर असा काही तुटून पडतो की बघवत नाही. आणि आता या बडीशेपवाल्याची. होगी कोई मच्छीवाली. हो रे बाबा, आहेच मच्छीवाली. भाईंदरच्या बाजारात तिनं जन्मभर टोपली मांडली, तिच्या आवाजाला पुलापलीकडून गिऱ्हाईक यायचं. पण ही हाक बाजारातली नव्हती. ती तिनं बाजारात कधीच कुणाला मारली नाही. ती माझी होती. मला एवढंच कळत होतं की हे आयच्या कानावर जाता कामा नये. ती गळ्याला फडकं बांधून घरात गप्प बसलेली, आणि तिचाच आवाज घेऊन सगळा गाव कंबर हलवतोय, हे तिला कळलं तर ती भिंतीकडे तोंड करेल ती पुन्हा वळणार नाही.

भिंतीकडे तोंड तिनं एकदा केलंय. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात मला वाटलं, तिला बरं वाटेल, म्हणून मी तिला तिचाच आवाज मोबाईलवर लावून दिला. तिनं ऐकला, पापणीसुद्धा हलवली नाही, आणि हळूच कूस बदलली. मी शरमेनं अर्धी झाले. त्या दिवशी मी तो मोबाईलमधून पुसून टाकला आणि परत कधी त्याचा विषय काढला नाही. तो आता फक्त स्टुडिओतल्या सर्व्हरवर होता, कारण रेकॉर्डिंग तिथलंच. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी आयला मीरा रोडला घेऊन आले होते. आमच्या स्टुडिओत डबिंग चालतं, जाहिराती, रील, कुणाचं काय, कुणाचं काय. मी तिथं सिस्टम सांभाळते. स्वरूप सर म्हणजे मालक, त्यांनी बूथ वापरायला दिला, म्हणाले, अगं विचारतेस काय, घरचाच स्टुडिओ. आय नवं लुगडं नेसून आली होती. काळ्या फोमच्या त्या खोलीत तिला भीती वाटली. कानावर हेडफोन चढवले तर म्हणाली, "इथं कोन हाय? कोनाला हाक मारू?" मी म्हटलं, मला मार. "तू तं काचेपल्याड हायस." म्हटलं, तरी मार. मग तिनं मारली. मीटरचा काटा एकदम लाल रेषेत गेला. मग ती सुटलीच. बाबांना घातलेल्या शिव्या, पावट्याच्या भाजीवरून माझ्याशी झालेलं भांडण पुन्हा दोन्ही आवाजांत, मांजराला हाड्‌ करणं, हसणं. आणि शेवटी हेडफोन काढताना माइकच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "तुज्यापाशी ठेव हां. कोनाला देऊ नको." म्हणून मी ठेवला. माझ्यापाशीच ठेवला. कुलूप लावून ठेवला.

कुलूप म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी घाण तिथूनच सुरू झाली. एक मशीन आणि त्यावर काम करणारी दहा माणसं, असं असलं की प्रत्येक फाइलच्या अंगावर तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, गट, इतर. मालक म्हणजे जिची फाइल ती. गट म्हणजे तिच्याबरोबर काम करणारे. इतर म्हणजे उरलेली दुनिया. आणि हक्कही तीनच. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. फोल्डर असेल तर तो एक म्हणजे आत पाऊल ठेवण्याचा. बेरीज सात. आयचं फोल्डर मी सातशे ठेवलं होतं. मला सात, गटाला शून्य, इतरांना शून्य. यात अवघड काय आहे? आमच्या उत्तनच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही हे कळतं. आयचे बोंबील वलांडीवर वाळत असायचे, बांबूंवर, भर रस्त्याच्या कडेला. बघायचे कुणीही बघा, चर्चमध्ये जाणारे बघायचे, पुढं चौक गावाला जाणाऱ्या बसमधले बघायचे. उलटायचे मात्र शेजारच्या फिलूमावशीनं, आय बाजारात असली तर. आणि उतरवायचे फक्त आयनं. दार सताड उघडं, पण फिलूमावशीसुद्धा ओट्यावरून 'हाय का गो कोन घरात' म्हटल्याशिवाय आत आली नाही, चाळीस वर्षांत. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. इकडं मीरा रोडला दाराला जाळीचं दार, त्याला कडी, वर कॅमेरा, आणि शेजारीण दार उघडल्या उघडल्या माझ्या खांद्यावरून आत बघते, आज काय केलंय. शी! मला ते आवडत नाही. मी सर्व्हर लावला तेव्हा सगळं नीट नेमून दिलं होतं, गटाला 'स्टाफ' नाव दिलं होतं. स्वरूप सरांनी ते बदलायला लावलं. "स्टाफ काय गं ऋतिका, किती परकं वाटतं! फॅमिली लिही." तेव्हापासून आमच्या प्रत्येक फाइलपुढं, मेलेल्या जाहिरातींपुढं, उंदीर मारायच्या औषधाच्या जिंगलपुढंसुद्धा, फॅमिली, फॅमिली, फॅमिली असं छापून येतं.

चालत स्टुडिओत पोचले. चप्पलसुद्धा काढली नाही, सरळ माझ्या टेबलाशी जाऊन मशीनकडून फाइलींची यादी मागवली. आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत तेच. सातसातसात. सातसातसात. सगळ्यांची सगळी फोल्डरं, हिशेब, डबिंग, हिनाचे करारनामे, माझं घर, आणि माझ्या घरात आयचं फोल्डर, सगळं सातसातसात. मालकाला सगळं, फॅमिलीला सगळं, दुनियेला सगळं. मला एकदम गर्दीच्या संडासाचं दार उघडं असल्यासारखं वाटलं. आणि खाली, सुयोगच्या फोल्डरात, एक प्रत. नाव 'कोळी_आजी_फायनल'. मालकाच्या जागी: सुयोग. गटाच्या जागी: फॅमिली. तसंच होतं ते, मशीन खोटं बोलत नाही. फाइल वाचता आली की प्रत करता येते, आणि प्रत ज्यानं केली तोच तिचा मालक. मूळ फाइल कुणाची होती, ते त्या प्रतीच्या अंगावर कुठंच लिहिलेलं नसतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या आयच्या घशातून निघालेली हाक, मालक सुयोग.

सुयोग खुर्चीवर मांडी घालून चकली खात होता. वाईट पोरगा नाही तो, लोक म्हणतात तसा. मला ताई म्हणतो. "सुयोग, सर्व्हरवर सातसातसात कुणी मारलं?" "अरे ताई, मीच," तो आनंदानं म्हणाला. "तुम्ही सुट्टीवर होतात ना, आईंच्या चेकअपला? माझा प्रोजेक्ट उघडेचना. परमिशन डिनाइड, परमिशन डिनाइड. क्लायंट डोक्यावर बसलेला. सरांनी रूटचा पासवर्ड दिला, मास्टर कीच ती, मी नेटवर बघितलं, एक लाइन मारली, सगळं मोकळं! आता कुणालाच काही अडत नाही." "आणि आयचा आवाज?" त्याला एक क्षण कळलं नाही. मग त्याचा चेहरा उजळला, हेच मला सहन झालं नाही, तो चेहरा उजळणं. "ताई, भारी ना? सीफूड हॉटेलची अॅड होती, त्यांना ऑथेंटिक कोळी आवाज पायजे होता. तीन आर्टिस्ट ट्राय केल्या, सगळ्या नाटकी. मग शोधताना हे सापडलं. काय थ्रो आहे, ताई! मी फक्त हाकेची लाइन घेतली, खाली बीट टाकला, लाफ्टर टाकला. लोकांनी ऑडिओ उचलला." "मला विचारलंस?" "विचारणार होतो. पण म्हटलं ताईंचंच आहे, म्हणजे फॅमिलीतलंच." त्याच्या मिशीला चकलीचा चुरा लागला होता आणि बोलताना तो चुरा हलत होता. तुझ्या घरात आलं कुणी आणि तुझ्या आईला उचलून नेलं तर, असं काहीतरी मी बोलायला लागले, पण आवाज चिरकला. तोही घाबरला. "ताई, पण उघडंच होतं," तो म्हणाला. उघडं केलं कुणी रे मेल्या? हे मनातल्या मनात. हात धुवायला गेले. साबण लावून लावून धुतले, जसं काही मीच चकली खाल्ली होती.

स्वरूप सर केबिनमध्ये होते. मिठागरवाल्यांच्या घरातला माणूस, आजोबांच्या मिठागरांवर आता टॉवर उभे आहेत, त्यामुळे बोलण्यात घाई अशी नसतेच कधी. माझं सगळं शांतपणे ऐकलं. मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "ऋतिका, तू इमोशनल होतेयस. साहजिक आहे. पण दुसऱ्या बाजूनं बघ ना. आईंचा आवाज गेला, आणि आज तोच आवाज घराघरात पोचतोय. त्यांना प्राऊड वाटेल." मी म्हटलं, सर, ते काढायला सांगा. "आता कुणाकुणाचं काढणार? लोकांनी हजारो बनवलीत. आणि रेकॉर्डिंग आपल्याच बूथमध्ये झालं ना? मी कधी काही मागितलं तुझ्याकडे?" असं म्हणून ते हसले. माझ्यासाठी राखून ठेवलेलं, मऊ, फॅमिलीचं हसू. तेलकट भांड्यात बोट जावं तसं मला झालं. म्हणजे बूथ दिला तेव्हाच त्यांच्या मनात कुठंतरी नोंद झाली होती की ही आपल्या घरात आली, आता हिचं जे काही आहे ते आपलं. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल हे. तेच तर. यांना कळतच नाही. यांना वाटतं, दार उघडं टाकणं म्हणजे मन मोठं असणं. आणि मी पाणी प्यायले. ग्लास पुढं केला म्हणून प्यायले, सवयीनं, आणि माझा मलाच राग आला.

मग मी बाहेर येऊन काम केलं. माझ्या हातात रूट होतं, मी सगळ्यांनाच शून्य करू शकले असते. एक ओळ, आणि त्या फॅमिलीतल्या कुणाला स्वतःच्या नावाचं फोल्डरसुद्धा उघडता आलं नसतं. बोटं शिवशिवली. पण तेही सुयोगनं केलं तसंच झालं असतं, न बघता एकाच फटक्यात सगळ्यांवर. मी एकेक फोल्डर घेतलं. हिशेब फक्त हिशेबवाल्याचा. करारनामे हिनाचे. चालू कामं गटाला वाचायला आणि लिहायला, इतरांना बंद. रूटचा पासवर्ड बदलला. सुयोगची ती प्रत पुसली, जाहिरातीतली पुसली, बॅकअपमधली शोधून पुसली, आणि पुसताना प्रत्येक वेळी हेडफोन काढून ठेवला, चुकून वाजायला नको म्हणून. शेवटी आयचं फोल्डर. सात शून्य शून्य. खरं तर ते फोल्डर मी आणखी आत हलवलं, माझ्या फोल्डरातल्या फोल्डरात. हिना चहा घेऊन आली, माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली. हिना करारनामे बघते, नया नगरची, फार बोलत नाही. "ऋतिका, वो आवाज़ तेरी अम्मी की है?" मी मान हलवली. तिनं चहा खाली ठेवला. "या अल्लाह. माझी मुलगी बोलते ते घरात. मी तिला आज मारते." म्हटलं, मारू नको गं, तिला काय माहीत. "पूछना तो चाहिए था ना," हिना म्हणाली. आख्ख्या दिवसात एवढं एकच वाक्य मला घाण न वाटणारं ऐकू आलं. मागून सुयोग ओरडला, ताई, हिनाचं काही उघडत नाहीये माझ्याकडून. म्हटलं, नाही उघडणार.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघाले. डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. आयकडे मीच घेऊन दिलेला मोठा पडद्याचा मोबाईल आहे, बोलता येत नाही म्हणून ती मला मिस्कॉल देते. मिस्कॉल म्हणजे ये. तो मोबाईल काढून घ्यायचा, साधा बटणांचा द्यायचा. काहीतरी थाप मारायची, बिघडलाय, दुरुस्तीला टाकते. भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस उभीच होती. खिडकीत बसले आणि मला कळलं की आता मी कान बंद करू शकत नाही. एकदा कळल्यावर तो आवाज सगळीकडे होता. स्टँडवर भेळवाल्याशेजारी. मागच्या सीटवर कॉलेजच्या मुलींच्या घोळक्यात, एकीनं दुसरीला चिप्सचं पाकीट पुढं करत म्हटलं, ये गो जेवाला, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मुर्ध्याचा थांबा गेला, राईचा गेला. कंडक्टरसुद्धा, देवाशप्पथ सांगते, उतरणाऱ्या म्हातारीला म्हणाला, ये गो. प्रत्येकाच्या तोंडात तो शब्द गेला होता. प्रत्येकानं तो चघळून, थुंकी लावून दुसऱ्याच्या हातात दिला होता, आणि दुसऱ्यानं घेतला होता. मी लहान असताना ही हाक आली की खाडीवर खेळणाऱ्या सगळ्या पोरी थांबायच्या, पण जायची मी एकटी. बाकीच्या परत खेळायला लागायच्या. कारण त्यांना माहीत असायचं, ही त्यांची नाही.

आणि मग मनात आयचं बोट आलं, कुठून ते माहीत नाही. हल्ली दर रविवारी ती असं करते. मी तिची नळी धुऊन बसवते, हात पुसते, मोबाईल बाजूला ठेवते, आणि ती माझ्या मोबाईलला बोट लावते. नुसतं लावते आणि माझ्याकडे बघते. मला वाटतं, तिला फोटो बघायचेत, म्हणून मी भाचीचे फोटो दाखवते. ती बघते. मान हलवते. पुन्हा बोट लावते. मग मी किती वाजले ते सांगते. मग ती बोट काढून घेते आणि बोंबील उलटायला जाते.

डोंगरीनंतर वास सुरू झाला, सुक्या मासळीचा, आणि माझं पोट जरा जागेवर आलं. गल्लीत ऊन तापलं होतं. वलांडीवर बोंबील नवे होते, अजून ओलसर, पांढरे. ओट्याच्या पायरीवर मी चप्पल काढत होते, खाली वाकले होते, आणि घरातून आवाज आला. "ए बाये, ये गो जेवाला, भात निवला!" ढॅणढॅण. खिदळणं. माझ्या हातातली चप्पल पडली. इथंसुद्धा! म्हटलं, फिलूमावशीकडचं कुणीतरी असणार, आता धरते आणि मुस्काटात देते. वर बघितलं. दारात आय उभी होती. मोबाईल तिनं दोन्ही हातांनी गळ्याशी धरला होता, बरोबर त्या फडक्यावर, भोकावर, पडदा माझ्याकडे करून. तिनं माझ्याकडे बघत अंगठ्यानं पुन्हा दाबलं. ए बाये, ये गो जेवाला.

"आले गो," मी म्हटलं. निघूनच गेलं तोंडातून.

फिलूमावशी तिच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. "आठवडा झाला तिचा ह्यो खेल," ती म्हणाली. "माज्या सुनेकडशी मोबाईलात घालून घेतलान. मला बलवते, मांजराला बलवते, मासे न्यायला टेंपोवाला आला त्याला पन जेवाला बलवते मेली. लई खूश हाय." आय हसत होती. तिचं हसणं आता आवाजाचं नसतं, फक्त खांदे हलतात आणि फडकं आतबाहेर होतं. मग तिनं मला हातानं जवळ बोलावलं, मोबाईलकडे बोट केलं, दोन्ही हातांनी हवेत ढोल बडवल्यासारखं केलं, आणि नाक असं काही मुरडलं, जसं शिळ्या, मऊ पडलेल्या मासळीला मुरडते. हाड्‌ हाड्‌ केल्यासारखा हात झटकला. ही घाण काढ. मग माझ्या बॅगेत हात घालून तिनंच माझा मोबाईल बाहेर काढला, त्याला बोट लावलं, आणि माझ्याकडे बघत राहिली.

कोनाला देऊ नको, म्हणाली होती. त्या कोनात ती स्वतः नव्हती. तिला त्यात मीच धरलं होतं. एवढं मालक, गट, इतर करणारी मी, आणि आयला मी इतरांत टाकून वर्षभर कुलूप लावून बसले होते. आणि ती दर रविवारी दारावर बोट वाजवत होती, आणि मी तिला किती वाजले ते सांगत होते. तिनं हॉस्पिटलात कूस बदलली ती बदलली असेल. तो एक दिवस होता. सुयोगनं तो आवाज चोरला, घाणेरडा केला, आणि त्या घाणीतून तो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला. माझ्याकडून पोचला नाही. या गोष्टीची मला इतकी किळस आली, माझीच, की मी ओट्यावर खालीच बसले.

तिथंच बसून मी मोबाईलवरून सर्व्हरला शिरले. सकाळी खोल खोल नेऊन ठेवलेलं फोल्डर उघडलं. मालक: ऋतिका. उत्तनला नेट रांगत चालतं, फाइल येता येईना. आय शेजारी येऊन बसली, तिच्या श्वासाचा फडक्यातून येणारा फस्‌फस्‌ आवाज माझ्या कानाशी. ती पडद्यावरच्या सरकणाऱ्या रेषेकडे बघत होती, तव्यावरच्या मासळीकडे बघावं तशी, पलटायची वेळ चुकू नये म्हणून. शेवटी आली. मी ती तिच्या मोबाईलवर टाकली. प्रत ज्याच्या हातात, मालक तो. आता झालं तिचं. तिला कुठं दाबायचं ते दाखवायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

तिनं दाबलं. सुरुवातीला बूथमधली शांतता. मग, इथं कोन हाय? कोनाला हाक मारू? आणि मग ती हाक, नुसती, ढोल नाही, खिदळणं नाही. गल्लीभर गेली. फिलूमावशीचे हात लसणावर थांबले. आयनं मोबाईल गळ्याशी धरला होता आणि डोळे मिटले होते. फाइल पुढं चालू राहिली, बाबांच्या शिव्यांपर्यंत, आणि तिथं तिचे खांदे हलायला लागले. मग तिनं ती थांबवली, मागं नेली, अंगठा जरा चुकला, पुन्हा नेली, बरोबर त्या जागी आणली, आणि माझ्याकडे वळून पुन्हा दाबली. या वेळी मला.

मी उठून आत गेले. तिनं स्वतःसाठी वाढलेलं ताट तसंच होतं. भात खरंच निवला होता.